सही डिफर

कुठल्याही प्राणिसंग्रहालयात जा, बिबट्यासमोरच्या गर्दीच्या दोन पावलं मागे एक गृहस्थ हात पाठीशी बांधून उभे असतात. पायात मोज्यांवर सँडल, डोक्याला कापडी टोपी, खांद्याला कुठल्याशा परिषदेत फुकट मिळालेली पिशवी. बिबट्याकडे त्यांचं लक्ष नसतं. बिबट्या त्यांनी पाहिलेला असतो. त्यांचे कान गर्दीकडे लागलेले असतात. फार वाट बघावी लागत नाही. कुणी तरी बाबा पोराला खांद्यावर घेतात आणि बोट दाखवून म्हणतात, "तो बघ चित्ता!" की ह्या गृहस्थांचा दिवस सार्थकी लागतो.

ह्या जातीचा एक अस्सल नमुना आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही मोठी माणसं त्यांना अण्णा म्हणतो, मुलं अण्णाआजोबा. अण्णा बँकेतून निवृत्त झाले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एकच काम केलं: चेकवरची सही आणि खातेदाराच्या नमुना कार्डावरची सही शेजारी शेजारी धरायची आणि बघायची. जुळली तर चेक पुढे, नाही जुळली तर परत. परत पाठवायच्या ह्या प्रकाराला बँकेत 'सही डिफर' म्हणतात. हा शब्द अण्णा नोकरीबरोबर सोडून आले नाहीत. पेन्शन आणि 'डिफर' ह्या दोन गोष्टी त्यांनी घरी आणल्या.

ह्या कामाचा परिणाम असा, की दोन गोष्टी सारख्या दिसल्या की अण्णांना संशय येतो, आणि हुबेहूब सारख्या दिसल्या की त्यांची खात्रीच पटते. "खरा माणूस रोज जरा वेगळी सही करतो," ते सांगतात, "तंतोतंत तीच सही करतो तो चोर." माणसांचे चेहरे मात्र त्यांच्या लक्षात राहत नाहीत. मंडईत कुणी तोंडभर हसून "काय अण्णा, ओळखलंत का?" म्हणालं, की अण्णा कसनुसं हसून वांगी निवडायला लागतात. तो माणूस गेल्यावर काकूंनी नाव सांगितलं की लगेच चेहरा उजळतो. "अरे, तो होय! कुलकर्ण्यांतल्या पहिल्या 'क'ला लांब शेपटी आणि सहीखाली दोन टिंबं. चालू खातं."

असा माणूस निवृत्तीनंतर प्राण्यांकडे वळणार हे ठरलेलंच होतं. मे महिन्याची सुट्टी लागली की सोसायटीतली पोरं गोळा करायची आणि कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात न्यायची, हा त्यांचा नेम. बुधवारी ते बंद असतं. न विचारता बुधवारी येऊन फाटकाशी उभ्या राहणाऱ्या कुटुंबांबद्दल अण्णांना मनापासून वाईट वाटतं, इतकं की एकदा फक्त त्यांना तसं सांगायला ते बुधवारी गेले होते, असं काकू म्हणतात. डबे, पाण्याच्या बाटल्या आणि कुणाला शू लागली की नेणं ह्या खात्याची मी प्रमुख असते, त्यामुळे अण्णांची शिकवणी मला आता पाठ झाली आहे.

शिकवणीचं पहिलं सूत्र: अख्खा प्राणी शेवटी बघायचा. "सही खोटी करणारा मोठी वळणं नीट गिरवतो. चुकतो कुठे? पेन उचलतो तिथे. आपण तीच जागा बघायची." मग मुलांना रेलिंगशी उभं करून बिबट्याचं कार्ड उघडलं जातं. चित्त्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत एक काळी रेघ उतरते, काजळ ओघळल्यागत. ह्याला आहे का? नाही. चित्त्याचे ठिपके भरीव असतात. ह्याचे? मधे पोकळ, कडेला तुटक काळं कडं. दक्षिण अमेरिकेतल्या जग्वारलाही अशीच कडी असतात, पण त्यांच्या पोटात आणखी बारीक ठिपके. मोजा.

एवढ्यावर दुसरा कुणीही थांबला असता. अण्णा श्वास घेतात आणि "शिवाय," म्हणतात. अण्णांच्या 'शिवाय'पाशी मी डबा उघडते, कारण पुढे वेळ जाणार असतो. शिवाय, आपल्याकडे चित्ता उरलाच नव्हता. कोल्हापूरच्या दरबारात चित्ते पाळत, त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवत, पण पुढे पुढे तेही आफ्रिकेतून आणावे लागले. रानातले शेवटचे तीन १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी मारले असं मानतात. "कोरिया म्हणजे छत्तीसगडातलं संस्थान बरं का, ते दुसरं नव्हे," हेही अण्णा सांगून घेतात. जाता जाता आणखी एक फरक पदरात पडतो. १९५२ साली सरकारने चित्ता संपल्याचं जाहीर केलं. थेट २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ आले, ते मध्य प्रदेशात कूनोला. "तेव्हा कात्रजला चित्ता दिसायचा असेल, तर त्याला कूनोहून दोन गाड्या आणि स्वारगेटहून एक बस बदलून यावं लागेल."

हे सगळं ते आमच्या मुलांना सांगतात. निदान तोंड तरी आमच्या मुलांकडे असतं. आवाज मात्र पलीकडच्या त्या बाबांपर्यंत पोचेल असा लावलेला असतो. लेकी बोले सुने लागे ही पद्धत प्राणिशास्त्रात अण्णांनीच आणली असावी. परक्या बापाला त्याच्या पोरासमोर दुरुस्त करायचं नाही, हा त्यांचा नियम आहे आणि तो ते अशा रीतीने पाळतात. काही बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करतात. काहींना अचानक फोन येतो. एकाने तर पोराला "चल, आपण हत्ती बघू" म्हणून ओढतच नेलं. हत्तीत चूक व्हायची शक्यता कमी, असा त्याचा हिशोब असावा. अण्णा मागून हळूच म्हणाले, "हत्तीसुद्धा दोन तऱ्हेचे असतात. सोंडेचं टोक बघा म्हणावं. आपल्या हत्तीला एक बोट, आफ्रिकेच्याला दोन."

मला विचाराल तर ह्यात थोडा दुष्टपणा आहे. बापाला सगळं कळतं ही समजूत साधारण चौथीपर्यंत टिकते. ती दुसरीतच, भर उन्हात, एका बिबट्यापायी जावी असा त्या बापाचा काय अपराध असतो? पण हेही खरं, की अण्णांच्या तालमीतली पोरं प्राणी बघतात. बाकीची बघून झालं असं म्हणतात.

अण्णांना त्यांचा बाप भेटला तो ह्याच बिबट्यापाशी. पांढरी टोपी, धोतर, बरोबर शहरातली सून आणि नातवंडं असे एक आजोबा रेलिंगला टेकून बघत होते. नातू "चित्ता!" म्हणाला. अण्णांनी घसा साफ केला आणि आमच्या मुलांकडे तोंड करून पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मादी हाय. तरणी हाय अजून."

अण्णांचं 'शिवाय' घशातच राहिलं. "कशावरून?"

"डोकं बघा की. नराचं डोकं असं रुंद आसतं, मान जाड. हिचं पाहा कसं बारीक." आजोबा जुन्नरकडचे होते. तिथे उसात बिबट्या पिलं घालतो, आणि रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला काजळाची रेघ तपासायला सवड नसते. धरलेले बिबटे ठेवतात ते माणिकडोहचं केंद्रही त्यांच्या तालुक्यातलंच. "आमच्याकडं कोन चित्ता म्हनत न्हाय," ते म्हणाले, "बिबट्या बी न्हाय म्हनत रातचं. नाव घेऊ नये. ही पोरं पुन्याची, त्यांना काय."

दुसरा कुणी असता तर खट्टू झाला असता. अण्णांनी पिशवीतून वही काढली, आजोबांना बाकावर बसवलं आणि नर, मादी, पिलू, पावलाचा ठसा, सगळं उतरवून घेतलं. नराचा ठसा गोलसर, मादीचा जरा लांबट. आजोबांनी मातीत बोटाने काढून दाखवला. अण्णांनी आजोबांपुढे वही धरली आणि खाली सही मागितली. आजोबांनी मोडीसारखं काही तरी वळणदार नाव लिहिलं. अण्णा त्या सहीकडे इतका वेळ बघत राहिले, की मला वाटलं आता आजोबांनाच परत पाठवतात.

हरणांचा भाग हा अण्णांच्या शिकवणीतला सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत कंटाळवाणा. "हरीण" ह्या शब्दाने त्यांना होणारा त्रास डोळ्यांनी बघण्यासारखा असतो. चितळ, सांबर, बारशिंगा, भेकर एका बाजूला. ह्यांची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात. भेकराचं शिंग लहान, पण गळतं तेही. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि ती गाय नसलेली नीलगाय दुसऱ्या बाजूला. ह्यांची शिंगं गळत नाहीत, त्यांना फाटे फुटत नाहीत. एकाची मुदत ठेव, दरवर्षी मोडते. दुसऱ्याची जन्माची. हे मुलांना पटतं. पण तिसऱ्या मजल्यावरचा एक बारका मुलगा आहे, वकिलाचा. त्याने विचारलं, "आजोबा, चितळाच्या मादीला शिंगंच नाहीत, काळविटाच्या मादीलाही नाहीत. मग त्यांचं कसं ओळखायचं?"

अण्णा क्षणभर थबकले. "शेजारी कोण उभा आहे ते बघायचं," ते म्हणाले. "जॉइंट अकाउंट." मग मुलगा हसल्यावर मात्र त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की चितळाची मादी अंगावरचे पांढरे ठिपके जन्मभर बाळगते. काळविटाची मादी पिवळट तपकिरी, ठिपक्यांवाचून.

मगरीपाशी आमचा दिवस अडकतो. सुसरबाईंचा जबडा उघडा. अंगातली उष्णता बाहेर टाकायला मगरी अशा आ वासून पडून राहतात. आणि अण्णांना बघायचा आहे खालच्या जबड्यातला चौथा दात, जो मगरीने तोंड मिटल्यावरच बाहेर दिसतो. अमेरिकेतल्या ॲलिगेटरचा तोच दात वरच्या ओठाखाली झाकला जातो. पुस्तकांत सोपी युक्ती दिलेली असते: मुस्कट रुंद तर ॲलिगेटर, निमुळतं तर मगर. पण सगळ्या मगरींत आपल्याकडच्या मगरीचं मुस्कट रुंद. म्हणजे युक्तीने बघणारा इथे हमखास फसतो. "ही सराईत सही आहे," अण्णा मुलांना म्हणतात, "दात बघितल्याशिवाय पास करायची नाही." म्हणून आम्ही उभे. मगर तोंड मिटत नाही. चिवडा संपतो. बाजूने तीन-चार कुटुंबं "मगर, मगर" म्हणत येतात, दहा सेकंदांत पास करून निघून जातात. त्यांच्याकडे अण्णा ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने बँकेत ते तपासणी न करता चेक सोडणाऱ्या सहकाऱ्यांकडे बघत असणार. अखेरीस ऊन फिरतं, मगर जबडा मिटते, दात दिसतो, आणि सात मुलं आणि एक म्हातारा एकदम ओरडतात. बाकीच्या लोकांना वाटतं कुणाचा मोबाइल पाण्यात पडला.

पांढऱ्या वाघाबद्दल मात्र अण्णा फार थोडक्यात बोलतात आणि तेच मला सगळ्यांत आवडतं. ही वेगळी जात आहे का, असं दरवर्षी कुणी तरी विचारतं. रेवाच्या महाराजांनी १९५१ साली धरलेल्या मोहनपासून ह्यांचा बराचसा वंश चालला, वगैरे त्यांना ठाऊक आहे. पण ते एवढंच म्हणतात: "खातं तेच. शाई वेगळी." काळ्या बिबट्याबद्दल: "काळ्या कागदावर काळ्या शाईची सही. तिरप्या उन्हात धरली की दिसते." आणि खरंच दिसते, काळ्या कातडीवर बिबट्याची कडी तशीच असतात.

आता ह्या मुलांत पहिल्या मजल्यावरच्या दोन जुळ्या बहिणी आहेत. त्यांची आई त्यांना वेगवेगळ्या रंगांच्या क्लिपा लावते, आणि त्या जिन्यात त्या बदलतात. अण्णांनी आपल्याला ओळखून दाखवावं असा त्यांनी एकदा हट्टच धरला. अण्णांनी त्यांच्या तोंडांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिकिटाच्या मागच्या बाजूला दोघींना नाव लिहायला लावलं. दोघींनी अर्थातच एकमेकींचं नाव लिहिलं. अण्णांनी तिकिटं उन्हात धरली. "दोन्ही डिफर," ते म्हणाले. "हिने दुसऱ्या अक्षरापाशी विचार केलाय. स्वतःच्या नावात माणूस विचार करत नाही." तेव्हापासून त्या दोघी त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत.

मुंबईची सहल मात्र फसली. भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विन बघायचे होते. अण्णांनी आठवडाभर तयारी करून घेतली होती: हंबोल्ट पेंग्विनच्या छातीवर एक काळा पट्टा, मॅगेलनच्या छातीवर दोन. इथले पेंग्विन २०१६ साली सोलहून आणले. ("हे मात्र त्या दुसऱ्या कोरियातून," अण्णांनी लोकलमध्येच सांगून ठेवलं.) काचेपलीकडे पेंग्विन पोहत होते, मुलं काचेला नाकं लावून किंचाळत होती, आणि अण्णा एकेक छाती तपासत होते. एक पट्टा. एक पट्टा. एक पट्टा. "सगळ्या सह्या बरोबर आहेत," ते म्हणाले. बँक बुडाल्याचं कळल्यावरही माणूस इतक्या पडक्या आवाजात बोलत नाही. परतीच्या गाडीत मुलांनी त्यांची समजूत घातली.

घरात ह्या नजरेचा काही उपयोग नाही, असं काकूंचं म्हणणं आहे. तूरडाळ आणायला पाठवलं तर हरभऱ्याची आणतात, आणि हरभऱ्याची आणायला पाठवलं तर वाण्याशी वाद घालून दोन्ही आणतात. "कूनोचे आठ चित्ते पाठ आहेत ह्यांना. दोन डाळी नाहीत." अण्णांचं उत्तर ठरलेलं: "डाळीचं नमुना कार्ड तू मला कधी दिलंस का?" काकूंनी एका दिवाळीत दोन डाळी, जिरं आणि शहाजिरं पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांना भेट दिले. तो पुठ्ठा पिशवीत असतो. वाण्याच्या दुकानात तो ते उघडतात, आणि मागे रांग लागते.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री मात्र सगळ्या सोसायटीने अण्णांचं दार वाजवलं. पार्किंगमध्ये साप निघाला होता. वॉचमनने "मण्यार!" म्हणून शिट्टी फुंकली होती, चेअरमन साहेब झाडणीचा दांडा घेऊन एका स्कूटरवर चढले होते, आणि दोन-तीन जण मारूनच टाका म्हणत होते. मण्यार ही थट्टेची गोष्ट नाही. नाग, घोणस, फुरसं ह्यांच्या रांगेतलं नाव आहे, आणि रात्री झोपेत चावली तर कित्येकांना चावल्याचं कळतही नाही. अण्णा लुंगीवर, हातात टॉर्च घेऊन उतरले. लांबच थांबले. सगळी मुलं जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर, आपापल्या आयांच्या हातांखालून डोकी काढून.

"अंग शेवटी बघायचं," जिन्यावरून जुळ्यांतली एक म्हणाली.

"पट्टे कुठून सुरू होतात?" अण्णांनी टॉर्च हलवत विचारलं.

"मानेपासून!" वकिलाचा मुलगा ओरडला. "आणि शेपटीकडे फिकट झालेत!"

"मण्यारीचे?"

सगळ्यांनी एका सुरात सांगितलं: मण्यारीची मान कोरी. पट्टे मागे सुरू होतात, बारीक, बहुतेक जोडीजोडीने, आणि शेपटीकडे अधिक ठळक होत जातात. ह्याचं सगळं उलटं. म्हणजे कवड्या, बिनविषारी, भिंतीवरच्या पाली खायला आलेला.

चेअरमन साहेब स्कूटरवरून म्हणाले, "नक्की ना अण्णा?"

"माझ्या मते कवड्याच. पण मोठ्या रकमेला दोन सह्या लागतात," अण्णा म्हणाले. त्यांनी दांडे खाली ठेवायला लावले, सगळ्यांना मागे सरकवलं, टॉर्च सापावर धरून ठेवला आणि सर्पमित्राला फोन करायला सांगितलं. सर्पमित्र म्हणून आली ती कॉलेजातली एक मुलगी, रेनकोटमध्ये, हातात आकडा आणि बरणी. तिने वाकून एक नजर टाकली. "कवड्या आहे. कुणी ओळखला?" जिन्यातून नऊ हात वर झाले. "छान. पण काका, ओळखता आला तरी हात लावायचा नाही हं कधी." अण्णांनी मान डोलावली. चेअरमन साहेबांनी स्कूटरवरून उतरून तिचे आभार मानले आणि मीही हात लावणार नव्हतोच, असं सांगितलं.

साप बरणीत गेला. सोसायटीच्या वहीत नोंद करायची म्हणून अण्णांनी तिला सही करायला लावली. तिने बरणी काखेत धरूनच पेन फिरवलं आणि गाडीला किक मारून निघून गेली. अण्णा टॉर्चच्या उजेडात ती सही न्याहाळत उभे होते. मी म्हटलं, "काय अण्णा, झालं ना बरोबर?"

"मुलगी हुशार आहे," अण्णा म्हणाले, "पण सही फार सोपी. उद्या कुणीही करील."